दैवाची जागा : वसंतातील हिमस्खलन आणि यात्रेकरूची श्रद्धा

ईश्वरेच्छेवर पूर्ण भरवसा ठेवणाऱ्या माणसाने संकट टाळण्याची विद्या मिळवावी की नाही, आणि मिळवलीच तर त्या भरवशाला उणेपणा येतो की नाही, हा भारतीय धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. रोग, युद्ध आणि दुष्काळ यांच्या संदर्भात त्याची पुष्कळ चर्चा झाली. पण जेथे तो सर्वांत नेमकेपणाने विचारता येईल, त्या हिमालयातील वसंतकालीन उतारांपर्यंत तो क्वचितच नेला गेला. मराठवाड्यासारख्या तापलेल्या पठारावरून बर्फाचा विचार करणे वरवर पाहता विसंगत वाटेल, कारण या भागाला बर्फाची ओळख आहे ती गारपिटीपुरती, जशी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आणि उभी पिके झोडपून गेली. तरीही हा प्रश्न नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा स्वतःचा आहे. नांदेडचा गढवालच्या एका हिमसरोवराशी धार्मिक संबंध आहे, आणि लातूरने एका पहाटे दैव व मनुष्यकृती यांची सरमिसळ अशा रीतीने पाहिली की तिचा विचार टाळून पुढे जाता येत नाही.

गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेड येथे, गोदावरीच्या काठी झाले, आणि त्यापूर्वी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले. त्या स्थानावरील सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक होय. त्यांच्या नावाशी निगडित असलेल्या ‘बचित्तर नाटक’ या आत्मकथनपर रचनेत पूर्वजन्मातील तपश्चर्येचे स्थान म्हणून सात शिखरांनी वेढलेल्या हेमकुंडाचा उल्लेख येतो, आणि त्याच ठिकाणी पांडुराजाने योगसाधना केली असेही तेथे म्हटले आहे. ही रचना ज्या दशम ग्रंथात आहे, त्याच्या कर्तृत्वाविषयी शीख विद्वानांत मतभेद आहेत, आणि आज हेमकुंड साहिब म्हणून ओळखले जाणारे चमोली जिल्ह्यातील सरोवर हेच ते स्थान, ही निश्चिती तर १९३० च्या दशकातील, संत सोहनसिंग आणि हवालदार मोदनसिंग यांच्या शोधातून झालेली आहे. पण श्रद्धेच्या भूगोलाला असा उशीर बाधत नाही. एका आयुष्याच्या आधीची साधना जेथे झाली आणि त्या आयुष्याची अखेर जेथे झाली, अशी दोन टोके या यात्रेने जोडली जातात. एक टोक गोदावरीच्या काळ्या मातीत आहे आणि दुसरे ४,३०० मीटरांहून अधिक उंचीवर, वर्षातले सात-आठ महिने बर्फाखाली.

अलकनंदेच्या काठच्या गोविंदघाटापासून घांघरियापर्यंत आणि तेथून सहा किलोमीटरांच्या उभ्या चढणीने सरोवरापर्यंत जाणारी वाट मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडते. त्याआधी भारतीय लष्कराचे जवान आणि गुरुद्वारा व्यवस्थापनाचे सेवेकरी तिच्यावरचा बर्फ कापून पायऱ्या काढतात. या वाटेवरील अटलाकोटी येथील हिमाचा पट्टा सर्वांना माहीत असलेला धोक्याचा भाग आहे. ४ जून २०२३ रोजी तेथेच बर्फ घसरून यात्रेकरूंचे एक कुटुंब त्यात सापडले. बाकीच्यांना वाचवता आले, एका महिलेचा मृत्यू झाला.

येथे आधी कालगणनेचा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. हेमकुंडाची वाट उघडण्याची तारीख बर्फाची स्थिती पाहून ठरते, पण चारधामांचे तसे नाही. बद्रीनाथाची दारे उघडण्याचा दिवस वसंतपंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात जाहीर होतो, केदारनाथाचा महाशिवरात्रीला उखीमठात, आणि यमुनोत्री-गंगोत्री अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात. चांद्र तिथी आणि सौर ऋतू यांचा मेळ अधिक मासाने घातला जात असल्यामुळे एकच तिथी सौर वर्षात मागेपुढे सरकते. अक्षय्य तृतीया २०२३ मध्ये २२ एप्रिलला आली आणि २०२४ मध्ये १० मेला. अठरा दिवसांचा हा फरक मराठवाड्यातील शेतकऱ्याला फारसा जाणवणार नाही, पण साडेतीन हजार मीटरांवरच्या हिमथराच्या दृष्टीने तो मोठा आहे. २०२३ मध्ये केदारनाथाच्या यात्रेत आरंभीच हिमवृष्टीमुळे नोंदणी थांबवावी लागली आणि भैरव व कुबेर गदेऱ्यांत, म्हणजे पायवाटेला छेदून उतरणाऱ्या ओढ्यांच्या घळींत, बर्फ घसरून वाट बंद झाली. पंचांगाने मुहूर्त काढताना आकाशातील गोलांची गती पाहिली जाते. उताराचा कोन आणि रात्रीचे गोठणे पंचांगात नसते, आणि ते तेथे असावे अशी अपेक्षाही कोणी केलेली नाही.

हिमस्खलन म्हणजे उतारावर साचलेला बर्फ आपल्या आधारापासून सुटून खाली येणे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या हवामान-विक्षोभांमुळे थरावर थर पडत जातो. प्रत्येक थराची घनता, कणांचा आकार आणि एकमेकांशी असलेली पकड वेगळी असते, आणि एखादा कमकुवत थर खाली गाडला गेला की त्याच्यावरचा घट्ट थर अख्ख्या फळीसारखा सुटू शकतो. गिर्यारोहक त्याला स्लॅब म्हणतात. वसंतात यात पाण्याची भर पडते. दिवसा ऊन लागले की पृष्ठभाग वितळतो, पाणी कणांमधून खाली झिरपते आणि कणांना बांधून ठेवणारे बंध सैल करते. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून पुन्हा गोठतो आणि सकाळी त्याच्यावर कठीण पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा टिकेपर्यंत उतार बहुधा शांत असतो. म्हणून वसंतातील प्रवासाचा मूळ नियम असा की पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी धोक्याच्या उतारांखालून बाहेर पडावे. पूर्वाभिमुख उतार आधी तापतो, मग दक्षिणाभिमुख आणि शेवटी पश्चिमाभिमुख, त्यामुळे कोणती घळ केव्हा ओलांडायची याचा क्रमही सूर्यच ठरवतो. या नियमाचा सर्वांत फसवा अपवाद ढगाळ रात्रीचा आहे. ढगांच्या पांघरुणामुळे उष्णता बाहेर जात नाही, बर्फ गोठत नाही, आणि मग पहाट असूनही उतार दुपारसारखाच वागतो. पाय घोट्यापर्यंत किंवा त्याहून खोल रुतणे, वरून बर्फाची छोटी चाके लोळत येणे, खडकांजवळून पाण्याचे ओघळ वाहताना ऐकू येणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे बर्फावर पाऊस पडणे, ही चिन्हे विद्वानाला आणि निरक्षराला सारखीच दिसणारी आहेत.

उताराचा कोन हे दुसरे परिमाण. सर्वाधिक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात; त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकतो आणि फार उभ्या कड्यावर तो साचण्याआधीच निथळत राहतो. पण जो माणूस सौम्य वाटेने चालतो तो सुरक्षित, असे यातून निघत नाही, कारण वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ खालच्या सपाटीपर्यंत पोहोचतो आणि गदेऱ्यात तर तो एकवटून येतो. वाऱ्याने कड्याच्या कडेवर बाहेर झुकलेला बर्फाचा छज्जा, ज्याला कॉर्निस म्हणतात, तो दुपारच्या उन्हाने तुटला तर खाली चालणाऱ्याला त्याची आगाऊ सूचना मिळत नाही.

धर्मचिंतनाच्या दृष्टीने या शास्त्रातील एक निष्कर्ष विलक्षण महत्त्वाचा आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेत हौसेने बर्फाळ डोंगरांत जाणाऱ्यांच्या अपघातांची छाननी केली असता असे दिसते की, दहापैकी सुमारे नऊ जीवघेण्या घटनांत ज्या स्लॅबने माणूस गाडला गेला तो त्यानेच किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेला असतो. म्हणजे ज्याला आपण वरून कोसळलेले संकट म्हणतो, ते बहुतेक वेळा पायाखालून सुरू झालेले असते. मात्र हा निष्कर्ष हेमकुंडाच्या किंवा केदारनाथाच्या वाटेला जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. स्की घालून नव्या उतारावर जाणारा गिर्यारोहक उतार स्वतः निवडतो. यात्रेकरू इतरांनी आखलेल्या, उघडलेल्या आणि सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या वाटेने चालतो, आणि त्याच्यावर येणारा बर्फ बहुधा आपोआप सुटलेला असतो. त्याच्या हाती उरते ते वेळेचे भान, थांबण्याची जागा आणि परत फिरण्याचा निर्णय. दोघांची जबाबदारी एका मापाने मोजणे हा अन्याय होईल, आणि अपघातानंतरच्या चर्चांत हा अन्याय सर्रास होतो.

अपघाताला नैतिक कारण जोडण्याची सवय हिमालयाच्या बाबतीत फार जुनी आहे, आणि तिचे मूळ महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात सापडते. पांडव हिमालय चढून जात असता द्रौपदी प्रथम कोसळते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो आणि युधिष्ठिर मागे वळून न पाहता ते सांगतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता, सहदेवाला बुद्धीचा गर्व होता, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला पराक्रमाचा, भीमाला बळाचा आणि खाण्याचा. ही उत्तरे महाकाव्याच्या अंतर्गत व्यवस्थेत योग्य आहेत, कारण तेथे प्रवास हाच आयुष्याचा हिशेब आहे. पण त्यांचा साचा उचलून आजच्या मृत्यूंवर बसवला की काय होते, हे उत्तरकाशी जिल्ह्यातील एका शिखराच्या नावातच दिसते. ‘द्रौपदी का डांडा’ हे ते शिखर; ४ ऑक्टोबर २०२२ रोजी नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींचा आणि प्रशिक्षकांचा चमू तेथे हिमस्खलनात सापडला, २७ मृतदेह मिळाले आणि दोघांचा पत्ता लागला नाही. त्या मुला-मुलींपैकी कोणाचा कोणता दोष मोजायचा? युधिष्ठिराची पद्धत येथे केवळ निष्ठुर आहे असे नाही. ती कारण शोधण्याची वाटच बंद करते, कारण दोष माणसाच्या स्वभावात सापडला की हिमथराकडे पाहण्याचे प्रयोजन उरत नाही.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दैवी दंड असल्याचे म्हटले, आणि रवींद्रनाथ टागोरांनी नैसर्गिक घटनांना असा नैतिक अर्थ देण्यास जाहीर विरोध केला. दोघांचे म्हणणे ‘हरिजन’मध्ये छापले गेले. गांधीजींचा हेतू अस्पृश्यतेविरुद्ध लोकमत जागे करण्याचा होता आणि तो उदात्त होता, यात शंका नाही. तरीही युक्तिवाद टागोरांचाच टिकतो, आणि तो का टिकतो याचा पुरावा साठ वर्षांनी लातूर जिल्ह्याने दिला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले असता, किल्लारीच्या परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे गेली. जगाच्या तुलनेत हा भूकंप मध्यम म्हणावा असा होता. मृत्यूंचे प्रमाण इतके वाढले ते घरांमुळे : मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचा जड थर दिलेली माळवदे. भिंतींना जोडणारे आडवे बंध नव्हते, दगड सुटे होते, आणि उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. हलक्या छपराची घरे तुलनेने तगली. या निवडीत पुण्यवान आणि पापी असा भेद कोठेही नव्हता. भेद होता वजनाचा आणि बांधणीचा. शिवाय हा प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात गणला जात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो पहिला पट्टाच रद्द झाला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन हलली नाही म्हणून ती हलणार नाही, हा समज आणि इतकी वर्षे हा उतार कोसळला नाही म्हणून तो आजही कोसळणार नाही, हा समज, ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत. मात्र किल्लारीतल्या घरमालकाकडे कोणी नकाशा आणून दाखवला नव्हता. त्याच्यावर अज्ञानाचा ठपका ठेवणे म्हणजे पुन्हा युधिष्ठिराकडे जाणे.

नैतिक दोषाचे उत्तर बाजूला ठेवल्यावर दैवाचे काय करायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याला परंपरेतच एक अतिशय काटेकोर उत्तर आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतला आहे; पण आधारभूत स्थान हा व्यापक अर्थ धरला तर उतार, चालणारा, त्याची काठी-दोर-फावडे, त्याच्या चालण्याची वेळ आणि रीत, अशी पहिली चार कारणे हिमवाटेवर एकामागून एक ओळखता येतात. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दैव यादीत आहे, ते नाकारलेले नाही. पण ते पाचवे आहे. चार कारणांचा विचार न करता थेट पाचव्याकडे जाणे हे गीतेच्या मांडणीत बसत नाही, आणि उलट, चार कारणे सांभाळली म्हणून पाचवे संपले, असे मानणाऱ्या कर्त्याला पुढच्याच श्लोकांत दुर्मती म्हटले आहे. द्रौपदी का डांडावर गेलेल्यांत तरबेज प्रशिक्षकही होते, हे येथे विसरता कामा नये.

दैव आणि पुरुषकार यांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, आणि उत्तरात पुरुषकाराला शेत आणि दैवाला बी म्हटले आहे. शेतच नसेल तर बी वाया जाते. योगवासिष्ठ आणखी पुढे जाऊन दैव म्हणजे मागच्या प्रयत्नांचेच फळ असल्याचे सांगते. मराठवाड्याच्याच भूमीत, जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांचा प्रयत्नवाद याच परंपरेतला, आणि टिळकांच्या ‘गीतारहस्या’तील कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य हे प्रकरण तिचे आधुनिक काळातील सर्वांत समर्थ विवेचन होय. या सर्वांत योगवासिष्ठाचे म्हणणे हिमस्खलनाच्या बाबतीत मात्र सावधपणे घ्यायला हवे. दैव म्हणजे माझाच पूर्वप्रयत्न, हे स्वतःविषयी म्हणताना उभारी देते. गाडल्या गेलेल्या दुसऱ्याविषयी म्हटले की तेच वाक्य क्रूर होते. कर्मसिद्धान्त उत्तमपुरुषी वापरावा, तृतीयपुरुषी वापरू नये, असा दंडक धर्मचर्चेत कोणी घातला असता तर पुष्कळ दुःख वाचले असते.

शीख विचारात या जागी ‘हुकूम’ ही संकल्पना आहे. गुरू नानकांच्या जपुजीच्या आरंभीच ती येते, आणि तिचा अर्थ असा की सर्व काही परमेश्वराच्या आज्ञेच्या कक्षेत घडते, आणि त्या आज्ञेशी आपली इच्छा जुळवून घेणे हीच साधना. बाहेरच्या वाचकाला हा नियतिवाद वाटू शकतो. पण ज्या परंपरेने कष्टाची कमाई हे धर्माचे अंग मानले आणि स्वसंरक्षणासाठी कृपाण धारण करायला लावले, ती हात बांधून बसण्याचा उपदेश करीत नाही, हे उघड आहे. नांदेडच्याच इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. १७०८ मध्ये येथे गुरू गोविंदसिंगजींवर मारेकऱ्याने वार केला, तेव्हा जखम शिवण्यासाठी शल्यवैद्य आणला गेला, ती काही काळ भरून आली आणि पुढे भक्कम धनुष्य ओढताना पुन्हा उघडली, असे परंपरा सांगते. हुकमावर ज्यांची निष्ठा सर्वोच्च मानली जाते, त्यांच्या शय्येजवळ टाका घालणारा वैद्य होता, आणि परंपरेने त्यात विसंगती पाहिली नाही. वैद्याची सुई हुकमाच्या बाहेरची नव्हती. मग रात्रीच्या ढगांकडे पाहून उद्याची चढण पुढे ढकलणे तरी हुकमाच्या बाहेरचे कसे ठरेल?

अडचण अशी की बर्फ चुकीचे शिक्षण देतो. एखाद्याने दुपारी एक वाजता, ओल्या बर्फाखालची घळ ओलांडली आणि काहीच झाले नाही, तर निर्णय योग्य होता की नशीब बरे होते हे त्याला कळत नाही. उतार केवळ गप्प राहिलेला असतो. पुढच्या वर्षी तो त्याच वेळी, अधिक आत्मविश्वासाने जातो, आणि त्या आत्मविश्वासाला कधी अनुभव म्हणतो तर कधी कृपा. इयन मॅकमन या अमेरिकी अभ्यासकाने शेकडो हिमस्खलन-अपघातांची छाननी करून असे दाखवले की माणसे बर्फाच्या अज्ञानापेक्षा मनाच्या सवयींमुळे अधिक फसतात : ओळखीची वाट, इतरही जात आहेत हा दिलासा, एवढ्या लांब आल्यावर परतायचे कसे ही हुरहूर, म्होरक्यावर सोपवलेला निर्णय, दुर्मीळ संधी हातची जाईल ही धास्ती. यात्रेत या सर्व सवयी एकत्र येतात आणि वर त्यांना श्रद्धेचे नाव मिळते. सिसेरोने सांगितलेली दियागोरसची गोष्ट येथे आठवते. जहाज फुटूनही वाचलेल्यांनी नवस फेडण्यासाठी देवळात लावलेली चित्रे कोणी त्याला देवांच्या कृपेचा पुरावा म्हणून दाखवली, तेव्हा बुडालेल्यांची चित्रे कोठे आहेत, असे त्याने विचारले. नवस फेडायला परत आलेलेच येतात, ही गोष्ट तुळजापूर-माहूरच्या वाटेवरच्या कोणालाही पटावी.

प्राण देण्याची तयारी ही श्रद्धेची सर्वोच्च पायरी, या समजुतीलाही धर्मशास्त्राचा आधार दिसतो तितका भक्कम नाही. हिमालयाकडे देह पडेपर्यंत चालत जाणे, म्हणजे महाप्रस्थान, हे एके काळी मान्य होते. पण पुढे ते कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांच्या यादीत घातले गेले, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या याद्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. त्याहून कितीतरी जुन्या गौतम धर्मसूत्रात स्नातकाच्या नियमांमध्ये, सर्व बाजूंनी स्वतःचे रक्षण करावे असा स्पष्ट विधी आहे. परंपरेने पांडवांच्या वाटेला वंदन केले आणि ती वाट बंदही केली.

परत फिरण्याला मात्र शास्त्रात नाव नाही, आणि हीच यात्रेकरूची खरी अडचण आहे. घर सोडताना पाया पडून निघालेला, कर्ज काढून आलेला, म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला माणूस घांघरियाहून दर्शनावाचून परतला, तर यात्रा झाली की नाही? शास्त्र येथे मौन असले तरी वारकरी आचारात उत्तर आहे. आषाढीला पंढरपुरात लाखोंच्या गर्दीत पदस्पर्शाची रांग शक्य नसलेला वारकरी कळसाचे दर्शन घेतो आणि परतीची वाट धरतो. त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही, तो स्वतःही म्हणत नाही. लातूर-नांदेडच्या दिंड्यांमध्ये ही रीत अंगवळणी पडलेली आहे. पोहोचणे आणि जाणे यांतला हा फरक ज्या समाजाने चंद्रभागेच्या वाळवंटात स्वीकारला, त्याला तो लक्ष्मणगंगेच्या काठी स्वीकारणे अवघड नसावे. हेमकुंडाच्या संगतीला आणि पंढरीच्या दिंडीला आणखी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे एकमेकांना धरून चालणे. आणि नेमके हेच बर्फाच्या घळीत सोडावे लागते. तेथे एकेकाने, अंतर ठेवून, न थांबता पार व्हायचे असते आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवायची असते, म्हणजे काही घडलेच तर एकच सापडतो आणि शोधणारे पुष्कळ उरतात. एकत्र असण्याचा अर्थ तेवढ्या अंतरापुरता बदलतो.

शोधणाऱ्यांचा हा मुद्दा साऱ्या चर्चेला वेगळे वळण देतो, कारण आजवर दैव आणि श्रद्धा यांचा वाद एकट्या साधकाच्या अंगाने झाला आहे. बर्फाखाली गाडलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता दहात नऊच्या आसपास असते आणि अर्ध्या तासानंतर ती एक-तृतीयांशापर्यंत घसरते, मुख्यतः श्वास कोंडल्यामुळे. वसंताच्या ओल्या, जड बर्फात वेळ आणखी कमी मिळतो. एवढ्या अवधीत दूरची पथके पोहोचू शकत नाहीत, म्हणून गिर्यारोहक अंगावर बीकन, म्हणजे आपली जागा कळवणारे छोटे संदेशयंत्र, आणि पाठीवर घडीची लांब सळई व फावडे बाळगतात. यांतली सळई आणि फावडे स्वतःसाठी नसतात. स्वतःचे फावडे स्वतःला उकरून काढीत नाही. ते सोबत्यासाठी वाहिलेले ओझे असते. आपला जीव देवाच्या हवाली आहे असे म्हणणारा यात्रेकरू स्वतःपुरता खरा असू शकेल, पण त्याच्यामागे उतरणाऱ्या जवानाचा जीव त्याने कोणाच्या हवाली केला, याचे उत्तर त्याच्या श्रद्धेत सापडत नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमस्खलन झाले, तेथे ५४ कामगार अडकले आणि आठ जणांचा मृत्यू झाला. यात्रेकरूंसाठी दारे उघडण्याच्या दोन महिने आधी रस्त्याचे काम पाहणारी ही माणसे होती. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गेले, तेही इतरांच्या चढाईची वाट तयार करताना.

गणिताने पाहिले तर विषमता अधिक स्पष्ट होते. केवळ उदाहरणादाखल एखादी घळ एकदा ओलांडण्याचा धोका दहा हजारांत एक धरला, तर जाऊन-येऊन दोनदा ओलांडणाऱ्या यात्रेकरूच्या वाट्याला तो पाच हजारांत एक येतो, आणि बर्फ वितळेपर्यंत शंभर वेळा ओलांडणाऱ्या खेचरवाल्याच्या किंवा पाठीवर कंडीत माणूस वाहणाऱ्या मजुराच्या वाट्याला शंभरात एक. पुण्याची वाटणी अशी होते असे कोणत्याही ग्रंथात म्हटलेले नाही. यात्रेकरू दुपारी निघण्याचा हट्ट धरतो तेव्हा तो खेचरवाल्याची ती फेरीही दुपारी ढकलतो. खेचरवाल्याला नाही म्हणणे परवडत नाही.

चंडीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था, जिच्यात १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था विलीन झाली, ती हिमालयाच्या पट्ट्यांसाठी धोक्याचे पाच स्तर सांगणारी पूर्वसूचना काढते. तिचा उपयोग व्हायचा तर निर्णय बदलण्याची मोकळीक हाती असावी लागते, आणि ती मोकळीक डोंगरात नाही, नांदेडातच ठरते. जथ्याचा किंवा यात्रा-मंडळाचा प्रमुख परतीचे आरक्षण करतो तेव्हा घांघरियाला एकच रात्र धरली, तर ढगाळ रात्रीनंतरच्या सकाळी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : दर्शनावाचून परतणे किंवा उतार ओला असताना चढणे, आणि चाळीस माणसांसमोर पहिली वाट निवडणारा प्रमुख विरळा. तेथे दोन रात्री अधिक धरल्या की तिसरी वाट निघते, थांबण्याची. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला किंवा अन्य गाड्यांनी हरिद्वार-ऋषिकेशला जाणाऱ्यांची तिकिटे महिना-दोन महिने आधी काढली जातात. हेमकुंडाच्या वाटेवर तेव्हा पायऱ्याही कापलेल्या नसतात.